एका पंपात दोन कंपन्या



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले, त्या वेळी मी त्यांना विचारले की आपली काही गफलत तर होत नाही ना? या व्यासपीठावर प्राध्यापक येतात, वकील येतात, साहित्यिक येतात. मी सातवी पास झालेला माणूस. जिनिंगमध्ये तेल-ग्रीस घालण्याचे काम केले, पुढे मजुरांच्या संघटनेचे काम अंगावर आले, आणि त्यातच केस पांढरे झाले. चालक म्हणाले, "तुम्हाला जे ठाऊक आहे तेवढेच बोला." ही अट मला सोयीची वाटली. म्हणून आज मी एका अगदी साध्या प्रश्नावर बोलणार आहे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचा माल एकत्र मिसळावा की नाही?

आपण म्हणाल, हा काय व्याख्यानाचा विषय झाला! घरोघरी बायका दोन कंपन्यांचा चहा एकत्र करतात, दोन गिरण्यांचे पीठ एका डब्यात ओततात. कोणाचे काही बिघडत नाही. खरे आहे. पण याच तालुक्यातील भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते, तेव्हा घटाभोवती धान्यांचे दाणे वेगवेगळे मांडतात. रात्रीतून कोणता दाणा आपली जागा सोडून दुसऱ्यात मिसळला, हे पहाटे पाहतात आणि त्यावरून पिकाचे भाकीत सांगतात. भाकितावर कोणी विश्वास ठेवावा, न ठेवावा. पण कशात काय मिसळले याकडे बारकाईने पाहावे, एवढी गोष्ट त्या मांडणीतून मी घेतली आहे.

पहिला धडा मला ग्रीसने शिकविला. मी विशीत होतो. एका गावच्या जिनिंगमध्ये मला ऑइलमन म्हणून घेतले होते. हातात ग्रीसगन आणि खांद्यावर चिंधी, एवढीच माझी हत्यारे. रेच्यांच्या रांगेतून फिरायचे आणि प्रत्येक बेअरिंगला ग्रीस द्यायचे. एकदा हंगामाच्या ऐन भरात नेहमीच्या कंपनीचे ग्रीस संपले, आणि दुसऱ्या कंपनीचा डबा आला. रंगाने दोन्ही लाल. मी जुन्यावरच नवे भरले. तीन-चार दिवस काही झाले नाही. मग एका संध्याकाळी एका शाफ्टच्या बेअरिंगमधून ग्रीस पातळ होऊन गळू लागले. बेअरिंग कोरडे पडले, तापले, आणि हवेत उडणारी रुईची लव त्यावर बसून पेटली. जिनिंगमधील आग किती झपाट्याने धावते, हे या गावाला सांगावयास नको. माझ्याबरोबरच्या एका गड्याने ओल्या पोत्याने ती विझविली. त्याचे दोन्ही तळहात भाजले. चौकशी झाली ती अशी: "ग्रीस कोणी घातले?" मी म्हणालो, मी. पगार कापला गेला, आणि विषय संपला.

माझ्या मनातून तो विषय संपला नाही. दोन्ही लाल असताना बिघडले काय? सार्वजनिक वाचनालयात बसून, शब्दकोश शेजारी ठेवून, ग्रीस म्हणजे काय हे मी शिकलो. तोवर मी समजत असे की ग्रीस म्हणजे घट्ट तेल. ते तसे नाही. काम करते ते तेलच. पण ते जागेवर राहावे म्हणून त्याला एका साबणाच्या जाळीत धरून ठेवलेले असते, स्पंजात पाणी धरावे तसे. हा साबण निरनिराळा असतो. जुन्या पद्धतीचे चुन्याच्या साबणाचे ग्रीस पाण्याला दाद देत नाही, पण शंभर अंशांच्या आसपासच वितळते. सोड्याच्या साबणाचे ग्रीस उष्णता पुष्कळ सोसते, पण पाण्यात विरघळते. लिथियम या धातूचा साबण १९४० च्या सुमारास अमेरिकेत निघाला. तो पाणीही सोसतो आणि पावणेदोनशेच्या वर उष्णताही सोसतो. त्याला लागणारे स्निग्धाम्ल आपल्या एरंडेलापासून काढतात. याखेरीज काही ग्रीसमध्ये साबण नसतोच. एका प्रकारची बारीक माती असते, किंवा विजेच्या मोटारींसाठी पॉलियुरिया नावाचा पदार्थ असतो. यांतील काही जोड्या एकमेकींशी पटवून घेतात. काही जोड्यांत एकाची जाळी दुसऱ्याची वीण उसवते. मग तेल सुटून वाहून जाते, नाही तर सारे घट्ट होऊन बसते. आणि रंग? रंग हा कारखान्याने ओळखीसाठी घातलेला असतो. लाल ग्रीस आणि लाल ग्रीस यांचे एकमेकांशी नाते असेलच असे नाही.

यातून मला दोन गोष्टी कळल्या. एक अशी की कंपनीचे नाव पाहून मिसळावे की नाही ते ठरत नाही. डब्यात काय आहे त्यावरून ठरते. एकाच कंपनीची दोन ग्रीसे एकमेकांची वैरी असू शकतात, आणि दोन कंपन्यांची दोन ग्रीसे सख्खी भावंडे असू शकतात. दुसरी गोष्ट मला अधिक लागली. डब्यात काय आहे ते ज्याने डबा विकत घेतला त्याला ठाऊक करून घेता आले असते. पण मिसळण्याचे काम माझ्याकडे होते, आणि मला कोणी काही सांगितले नव्हते. दोष मात्र ज्याच्या हातात ग्रीसगन होती त्याचा ठरला.

आता आपणांस मी जरा दूर नेतो. इतके दूर की या मेच्या उन्हात तेथील गारवा आपणांस बरा वाटेल. युरोपच्या उत्तरेस नॉर्वे-स्वीडनकडे, आणि आपल्याकडे काश्मिरातील गुलमर्ग किंवा उत्तराखंडातील औली येथे, लोक पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जातात. त्या पट्ट्यांना स्की म्हणतात. त्यांच्या तळाला मेण लावावे लागते. मेण नीट नसेल तर बर्फ चिकटतो, माणूस मागे पडतो. गंमत अशी की थंडी जितकी कडक तितके मेण कठीण लागते. बर्फ ओला झाला की मऊ मेण लागते. स्वीडनमध्ये १९४६ साली स्विक्स नावाचे मेण बाजारात आले. त्याची खूण रंगावर होती: कडक थंडीला हिरवे, त्याहून कमी थंडीला निळे, बर्फ वितळण्याच्या बेताला आला की लाल. तेथे रंगाला अर्थ आहे. पण दुसऱ्या कंपनीचा निळा नेमका त्याच अंशांचा असतो असे नाही. आणि मऊ मेणाचा थर कठीण मेणावर बसतो. मऊ मेणावर कठीण मेण लावू गेले तर ते धड बसत नाही. तेव्हा दोन कंपन्यांची मेणे एकत्र करावी की नाही, हा तिकडच्या मेण लावणाऱ्यांमधील नेहमीचा वाद आहे.

हे मी गंमत म्हणून वाचले. पुढे जे वाचले ते गमतीचे नव्हते. शर्यतीत पट्टी आणखी वेगाने घसरावी म्हणून १९८० नंतरच्या काळात मेणात फ्लोरिनची रसायने मिसळू लागले. ही मेणे तापलेल्या इस्त्रीने पट्टीवर वितळवितात. त्याचा धूर निघतो. शर्यत पळणारा बाहेर मोकळ्या हवेत असतो. त्याच्या पट्ट्यांना मेण लावणारा माणूस बंद खोलीत, त्या धुरात, सारा हिवाळा काढतो. २०१० च्या सुमारास स्वीडनमधील संशोधकांनी अशा माणसांचे रक्त तपासले, तेव्हा सामान्य माणसाच्या कित्येक पट अधिक असे हे रसायन त्यांच्या रक्तात सापडले. आणि हे रसायन शरीरातून लवकर जात नाही. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०१९ साली फ्लोरिनच्या मेणावर बंदी घालण्याचे ठरविले; ती पुरतेपणी अमलात आली २०२३-२४ च्या हंगामात. पदक ज्याच्या गळ्यात पडते त्याचे नाव जगाला ठाऊक असते. इस्त्री धरणाऱ्याचे नाव विचारण्याची पाळी त्याचे रक्त तपासावे लागले तेव्हा आली.

येथून मी आपल्या पऱ्हाटीत परत येतो.

आपल्याकडे पिकावर फवारतो त्याला आपण 'औषध' म्हणतो. ते विष आहे हे आपणांस ठाऊक आहे. पण शब्द औषध हाच. शब्द गोड असला की हात सैल पडतो. औषध थोडे जास्त झाले म्हणून काय बिघडले, दोन औषधे एकत्र घेतली तर गुण लवकर येईल, असा विचार त्या शब्दाच्या आडोशाने मनात शिरतो. आणि विकणारा, घेणारा आणि फवारणारा असे तिघेही त्याच शब्दाने एकमेकांची समजूत घालतात.

२०१७ सालची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांच्या स्मरणात असेल. त्या वर्षी जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारी माणसे एकामागून एक रुग्णालयात येऊ लागली. वीसपेक्षा अधिक माणसे दगावली. शेकडो अंथरुणाला खिळली. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती, त्यामुळे फवारा खाली न जाता तोंडासमोर उडत होता. हवा दमट होती. बीटी कपाशीला गुलाबी बोंडअळी जुमानीनाशी झाली होती, शिवाय पांढरी माशी, फुलकिडे, तुडतुडे होतेच. हातपंपाच्या जागी बॅटरीचे आणि पेट्रोलचे पंप आले होते. त्यांचा फवारा धुक्यासारखा बारीक, आणि धुके श्वासाबरोबर आत जाते. या साऱ्या कारणांत आणखी एक कारण होते: एकाच टाकीत दोन-दोन, तीन-तीन, निरनिराळ्या कंपन्यांची औषधे मिसळलेली होती. शासनाने विशेष तपास पथक नेमले. नोव्हेंबर महिन्यात पाच औषधांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली: प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचे तयार मिश्रण, फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिडचे मिश्रण, ॲसिफेट, डायफेंथियुरॉन आणि मोनोक्रोटोफॉस. ही बंदी पाच जिल्ह्यांपुरती होती. यवतमाळ, अकोला, अमरावती, वाशिम आणि आपला बुलढाणा. तेव्हा 'हे तिकडे घडले' असे म्हणून आपणांस हात झटकता येणार नाहीत.

त्याच मोसमात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका वस्तीवरील मजुराला रुग्णालयात नेताना मी बरोबर होतो. तोंडाला लाळ, अंगाला दरदरून घाम, डोळ्यांतून पाणी, हाताच्या स्नायूंची सारखी थरथर. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी विचारले, "कोणते औषध फवारले?" तो म्हणाला, "एक लाल डब्याचं होतं, एक निळ्या डब्याचं. अन् एक पुडी दुकानदारानं वरून देल्ली, ते बी टाकली."

लाल आणि निळे! मला माझे ग्रीसचे डबे आठवले. पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता, आणि मिसळणाऱ्या माणसाची भाषा तीच होती. त्याच्याकडे दुसरी भाषा आपण कोणी दिलीच नव्हती.

हा प्रश्न डॉक्टर विचारतात तो उगाच नव्हे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील विष असेल, म्हणजे मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट अशांपैकी, तर त्यावर ॲट्रोपीनचे इंजेक्शन देतात आणि त्याने माणूस वाचू शकतो. सायपरमेथ्रिनच्या गटाला किंवा फिप्रोनिलला असा नेमका उतारा नाही. लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. तिन्ही एकत्र पोटात किंवा कातडीतून गेली तर डॉक्टरांपुढे तीन रोग एकाच खाटेवर झोपलेले असतात. त्याहून वाईट गोष्ट अशी की ही विषे शरीरात शिरल्यावर एकमेकांना साहाय्य करतात. सायपरमेथ्रिन फोडून टाकणारे एक एन्झाइम किड्याच्या अंगात असते. ऑर्गॅनोफॉस्फेट नेमके त्या एन्झाइमाचेच हातपाय बांधते. म्हणून तर ही दोन एकत्र विकतात. किडा लवकर मरतो. पण तशी एन्झाइमे माणसाच्या शरीरातही आहेत. मिश्रण किड्यात आणि माणसात भेद करीत नाही.

तो मजूर अठरा दिवसांनी घरी आला. वाचला. आपली तीन कच्चीबच्ची त्याला ओळखू आली, हे मी भाग्य समजतो. कारण कित्येक दिवस त्याला समोरचे धूसर दिसत होते.

आता प्रश्न असा की माणसे मिसळतात तरी का? शेतकरी वेडा आहे काय? मुळीच नाही. पाऊस उघडतो दोन दिवस. त्या दोन दिवसांत अळीही मारायची, माशीही मारायची, आणि पिकाला जोम येण्याचे टॉनिकही द्यायचे. तीन वेगळ्या फवारण्या म्हणजे तीन दिवसांची मजुरी. एका टाकीत सारे ओतले की एका मजुरीत काम होते. कर्जाने गांजलेला माणूस हा हिशेब करणारच. आणि बरेचदा तो मालक स्वतःच पंप पाठीवर घेतो. यवतमाळात गेलेल्यांत शेतकरीही होते आणि मजूरही होते. त्यात आपल्या तालुक्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यात. पाणीही एक माल आहे आणि तेही मिश्रणात पडते, हे आपण विसरतो. पाणी अल्कधर्मी असले म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट त्यात हळूहळू फुटते. सकाळी कालवून ठेवलेले औषध कमजोर होत जाते. किडा मरत नाही. मग शेतकरी म्हणतो, दुकानदाराने हलका माल दिला; पुढच्या टाकीत आणखी एक झाकण टाक, आणि दुसऱ्या कंपनीचेही थोडे घाल. कंपनी दुसरी, नाव दुसरे, चित्र दुसरे; पण डब्यावरचे बारीक अक्षर वाचले तर आत तेच औषध! एकच इमिडाक्लोप्रिड निरनिराळ्या नावांनी बाजारात मिळते. ज्याला वाटते मी दोन औषधे मिसळली, त्याने पुष्कळदा एकाच विषाची दुप्पट मात्रा घेतलेली असते.

यात माझाही वाटा आहे, आणि तो सांगितल्यावाचून मला या व्यासपीठावरून उतरता येणार नाही. फवारणीची मजुरी टाकीवर ठरते. २०१७ च्या आधी काही वर्षे आमच्या संघटनेने मागणी केली की दर टाकीमागे भाव वाढवून द्या. ती मागणी मीच मांडली होती. सभेत मीच टाळ्या घेतल्या होत्या. भाव वाढला. आम्ही गुलाल उधळला. आणि झाले काय? दिवसाला पंधरा टाक्या मारणारा गडी पंचवीस मारू लागला. दुपारचे ऊन, रिकामे पोट, ओला सदरा, तरी थांबायचे नाही. कारण थांबला की टाकी बुडते. मी पैशाची मागणी केली, वेळेची केली नाही. कपड्यांची केली नाही. साबण-पाण्याची केली नाही. पंपात काय आहे हे विचारण्याचा हक्क मागितला नाही. ग्रीसने शिकविलेला धडा माझ्या खिशात होता, आणि तो मी पंचवीस वर्षे खिशातच ठेवला. रुग्णालयातील त्या खाटेशी बसलो असताना मला हे प्रथम कळले.

कायदा नाही असे नाही. १९५८ साली केरळात गव्हाच्या पिठात फॉलिडॉल नावाचे कीटकनाशक मिसळले गेले. जहाजातून धान्य आणि विष शेजारी-शेजारी आले होते. शंभरावर माणसे मेली. न्यायमूर्ती शहा यांचा चौकशी आयोग बसला, आणि पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. म्हणजे हा कायदाच मुळी एका मिश्रणातून जन्मला आहे! १९७१ च्या नियमांत संरक्षक कपड्यांची तरतूद झाली. फवारणाऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीची झाली. ऑर्गॅनोफॉस्फेट हाताळणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनेस्टरेझ दरमहा तपासावे, असेही लिहिले गेले. या सभागृहात हंगामात पंप उचलणारे निदान दहा-बारा जण मला दिसत आहेत. त्यांपैकी ज्याचे रक्त या कारणासाठी एकदा तरी तपासले असेल त्याने हात वर करावा. (कोणीही हात वर केला नाही.) बसा. मला ठाऊक होते.

२०१३ साली बिहारमध्ये शाळेतील दुपारच्या जेवणाने तेवीस मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस मिसळले गेले होते. २०२३ साली केंद्र शासनाने मोनोक्रोटोफॉसच्या छत्तीस टक्के द्रवावर बंदीचा हुकूम काढला, आणि शिल्लक साठा संपविण्यास मुदत दिली. दहा वर्षे लागली. तेव्हा हुकमाची वाट पाहत बसणे आपणांस परवडणारे नाही. जे आपल्या हातचे आहे ते मी सांगतो.

पहिले: डब्याचा रंग सोडून डब्यावरील चौकोन पाहावा. कायद्याने प्रत्येक डब्यावर एक तिरपा चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. लाल म्हणजे अतिशय जहाल, त्यावर कवटीचे चित्र असते. मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. तेवढ्याच रंगाला अर्थ आहे. बाकी डब्याचा रंग हा विक्रीचा रंग. आणि हिरवा म्हणजे निर्धोक, असाही अर्थ नव्हे.

दुसरे: नाव वाचावे ते आतल्या औषधाचे. आपल्याकडे दहावी झालेली पोर घरोघर आहे. बापाने डबा आणला की पोरीने ते बारीक अक्षर वाचून वहीत लिहावे, कोणते औषध आणि किती टक्के. दुकानदारांनीही पावतीवर तेच नाव मराठीत लिहून द्यावे. पक्की पावती मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

तिसरे: पत्रकावर जे मिश्रण सांगितलेले नाही ते करू नये. शंका असेल तर आपल्याच गावच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारावे. काही जण काचेच्या बरणीत थोडे कालवून अर्धा तास ठेवतात; फाटले, गोळा बसला, गरम झाले तर टाकून देतात. ही परीक्षा चांगली आहे. पण एक ध्यानात ठेवा, बरणीत न फाटलेले मिश्रण माणसाला सुरक्षित असते असे तिने कधीच सांगितलेले नाही.

चौथे: कालवणे हे मालकाचे काम. ज्याने डबा आणला त्यानेच मापाने मोजावे, काठीने ढवळावे. मजुराच्या हातात नुसती टाकी आणि तोंडी हुकूम देऊ नये. आणि कोणाला मळमळले, डोळ्यांपुढे अंधेरी आली, तर कपडे उतरवून साबणाने अंग धुवावे, उलटी करविण्याच्या भानगडीत पडू नये, आणि रुग्णालयात जाताना रिकामा डबा आणि पत्रक बरोबर न्यावे. तो डबा डॉक्टरांना तासाभराचा शोध वाचवितो.

पाचवे आमच्या संघटनेसाठी. आम्ही आता टाकीचा भाव मागत नाही. दिवसाची मजुरी मागतो. सकाळी आणि उतरत्या उन्हात काम, मध्ये विसावा, पूर्ण बाह्यांचा कपडा, चष्मा, हातमोजे, आंघोळीला पाणी. काही गावांत शेतकऱ्यांनी हे मान्य केले. काही गावांत आम्हाला सांगण्यात आले की दुसरी माणसे टाकीवर यायला तयार आहेत. आणि ती आली. भिंगारा, चाळीसटापरीकडून उतरलेल्या माणसाला घरी पीठ नसेल, तर तो माझे व्याख्यान ऐकून पंप खाली ठेवील, असे मी समजत नाही. त्याच्यावर मी रागावूही शकत नाही. ज्या दिवशी त्याला नाही म्हणता येईल इतके त्याच्या पदरी असेल, त्या दिवशी हा प्रश्न निम्मा सुटेल. तोवर निम्म्याने भागवावे लागेल.

सुरुवातीस मी विचारले होते, दोन कंपन्यांचा माल मिसळावा की नाही? त्याचे उत्तर एका शब्दात नाही. काही मिसळतात, काही मिसळत नाहीत. आत काय आहे त्यावर ते अवलंबून आहे. पण आत काय आहे हे मिसळणाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे, याला मात्र अपवाद नाही. नॉर्वेतील इस्त्रीवाला, जिनिंगमधील ऑइलमन आणि आपल्या शेतातील फवारणीवाला, तिघांनाही तेवढे कळण्याचा हक्क आहे.

सभागृहाबाहेर एका टेबलावर मी पाच-सहा रिकामे डबे धुऊन, झाकणे फोडून ठेवले आहेत. आपापल्या घरच्या मुलांना घेऊन जाताना त्यांच्यावरील अक्षरे एकदा वाचून पाहा. ती फार बारीक आहेत. मला आता चष्म्यानेही नीट दिसत नाहीत. म्हणून मुलांना वाचू द्या, आणि आपण ऐका.